दसऱ्याचं डिझेल

सूर्याची उपासना करायची आणि राहायचं जर्मनीत, म्हणजे स्वतःचीच थट्टा करून घेण्यासारखं आहे. आमच्या माहेरी दर रविवारी सूर्याला अर्घ्य द्यायची रीत. वडील आंघोळ करून तांब्या घेऊन गच्चीवर उभे राहायचे आणि सूर्यही बिचारा वेळेवर हजर असायचा. लग्न होऊन मी नेकारसुल्मला आले तेव्हा ही रीत सामानाबरोबर घेऊन आले. पण इथे हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे त्याचं दर्शन होत नाही. मी बाल्कनीत जाते, अंदाजाने पूर्वेकडे तोंड करते आणि समोर जो काही राखाडी रंग असेल त्याला अर्घ्य देते. खालच्या मजल्यावरच्या बाईंची बरीच वर्षं समजूत होती की मी भर थंडीत वाळलेल्या कुंड्यांना पाणी घालते. आमचे हे तर सरळ म्हणतात, "अगं, त्याने पत्ता बदललाय. टपाल परत येतंय तुझं." मी हसते. पण गेल्या हिवाळ्यात ते हसणं मला जड जायला लागलं होतं. आई गेली, तिच्या शेवटच्या दिवसांत मी पोहोचू शकले नाही, आणि तेव्हापासून तांब्या हातात घेतला की वाटायचं, पलीकडे खरंच कुणी आहे का? सवय म्हणून पाणी ओतायचे, आणि त्यात माझं मन नसायचं. देवाशी भांडण झालं असतं तर बरं, भांडणात निदान समोर कुणीतरी असतं.

आमच्या यांचं आयुष्य डिझेल इंजिनांच्या चाचण्या करण्यात गेलं आहे. मुलगी सानिका इथेच जन्मली, इथेच वाढली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. ती स्टुटगार्टला नोकरी करते आणि तिचा सगळा जीव लोट्टे नावाच्या एका तांबूस घोडीत अडकलेला आहे. लोट्टे श्वेबिश आल्बच्या पठारावर, आलोइस नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या तबेल्यात असते. घोडीला स्पर्धांना न्यायचं तर वाहन हवं, म्हणून यांनी घोडे वाहून नेणारा एक जुना ट्रक घेतला. पुढे तिघांना बसायला जागा, मागे घोड्याची खोली, मध्ये काचेची छोटी खिडकी. सानिकाचं प्रेम घोडीवर आणि यांचं ट्रकवर. माझ्या वाट्याला दोघांचे डबे भरणं.

आता चूक सांगते. ती माझी, आणि आपल्यासारख्या माणसांनाच सुचेल अशी. दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रपूजा असते. शस्त्रं म्हणजे पाने, स्क्रूड्रायव्हर, यांचा लॅपटॉप आणि दोन वर्षांपासून हा ट्रक. त्या हिवाळ्याआधीच्या दसऱ्याला आम्ही तबेल्यावर गेलो, बागेतल्या झेंडूचा हार केला, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि माझ्या लक्षात आलं की टाकीचा काटा तळाला टेकला आहे. मी म्हटलं, रिकाम्या भांड्याची कधी पूजा करतात का? कलश भरलेला असतो, ओटी भरलेली असते, टाकीच तेवढी रिकामी? हे म्हणाले, "अगं, थंडीचं डिझेल वेगळं असतं. नोव्हेंबरात पंपांवर ते यायला लागतं. आत्ता भरलं आणि पडून राहिलं तर कडक थंडीत खोबरेलासारखं थिजेल." त्यांनी व्यवस्थित समजावून सांगितलं आणि मी व्यवस्थित ऐकलं नाही. शेवटी, "थंडी पडेपर्यंत संपेलच," असं म्हणत त्यांनी काठोकाठ टाकी भरून आणली. मी टाकीच्या झाकणावरसुद्धा कुंकू लावलं. मग लोट्टेचा पाय सुजला, स्पर्धा राहिल्या आणि ट्रक गोठ्याच्या उत्तरेच्या भिंतीपाशी उभा राहिला तो राहिलाच.

हिवाळा लागण्यापूर्वी यांनी ट्रकची तयारी मात्र अगदी साग्रसंगीत केली होती. पातळ तेल घातलं, न गोठणारं पाणी भरलं, ब्रेकच्या हवेच्या टाक्यांमध्ये साठलेलं पाणी सोडून दिलं, दारांच्या रबरांना ग्रीस चोळलं. बॅटऱ्या काढून आलोइसच्या उबदार खोलीत ठेवल्या. इंजिनाला विजेवर ऊब देणारा हीटर बसवला. टाकीत काय आहे तेवढं मात्र पाहिलं नाही. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ज्याची पूजा केली ते कोण परत तपासतं?"

रथसप्तमी शनिवारी आली. त्या दिवशी अंगणात सूर्यासमोर दूध उतू घालायचं असतं. आमच्या फ्लॅटमध्ये दूध उतू गेलं की धुराचा भोंगा ठणाणा करतो आणि शेजारी जिन्यात जमा होतात. म्हणून दरवर्षी मी छोटं पातेलं, दूध, रांगोळी आणि कॅम्पिंगची गॅसची शेगडी घेऊन तबेल्याच्या अंगणात जाते. तेव्हा कितीतरी दिवस धुकं हललं नव्हतं. गाडीत बाहेरचं तापमान उणे बावीस दाखवत होतं. झाडं मुळापासून शेंड्यापर्यंत पांढरी, श्वास घेतला की नाकातले केस कडक होत होते. सूर्यच नाही तर दूध कुणासमोर उतू घालायचं, असा विचार करत मी यांच्यामागून गाडीतून उतरले आणि तबेल्यातून, आमच्याआधीच तिथे पोहोचलेल्या सानिकाच्या रडण्याचा आवाज ऐकला.

लोट्टे जमिनीवर होती. उठत होती, पुन्हा गुडघे टेकत होती, मान वळवून स्वतःच्याच पोटाकडे बघत होती. अंगातून घामाच्या वाफा निघत होत्या. गावची जनावरांची डॉक्टरीणबाई येऊन जमेल ते सगळं करून बसली होती, इंजेक्शन, नळी, सगळं. थंडीत घोडी पाणी कमी प्यायली, आतडं अडलं. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे असं अडलेलं पोट त्याचा जीव घेतं. तिने सांगितलं, घोड्यांच्या क्लिनिकला न्या, बहुतेक ऑपरेशन लागेल, आणि न्यायचं तर आत्ता. नाही जमलं तर तिला त्रासात ठेवण्यात अर्थ नाही. हे शेवटचं वाक्य तिने अगदी हळू आवाजात उच्चारलं, पण सानिकाने ऐकलं. आलोइसच्या गाडीमागे जोडायच्या, घोडा न्यायच्या ट्रेलरचे ब्रेक चाकांना गोठून चिकटले होते. शहरातून मदतीची गाडी यायला दुपार झाली असती. उरला आमचा ट्रक.

हे मुळीच घाबरले नाहीत. कडक थंडी म्हणून आलोइस इंजिनाचा हीटर रोज रात्रभर लावून ठेवत होता. यांनी गरम बॅटऱ्या आणून जोडल्या, किल्ली फिरवली आणि त्या बर्फात इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं! मी हात जोडले. सानिकाने लोट्टेला उठवून उभं केलं. तेवढ्यात इंजिनाला खोकला आला, मग आचके, आणि मग ते बंद पडलं. यांनी फिल्टर उघडला. आत थिजलेल्या तुपासारखा पांढरट गोळा. ते खाली उतरले, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "दसऱ्याचं डिझेल." ओरडले असते तरी चाललं असतं. सानिकाने काय झालं म्हणून विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि ती माझ्याकडे वळली. "डू उंट डाइन गॉट, आई." तू आणि तुझा देव. लहानपणी हात धरून शुभंकरोति म्हणणाऱ्या माझ्या पोरीचे ते शब्द होते.

यांचं डोकं मात्र चालू होतं. टाकीला हातच लावायचा नाही. चांगलं थंडीचं डिझेल एका कॅनमध्ये घ्यायचं, इंजिनाचे दोन्ही पाइप, डिझेल ओढणारा आणि उरलेलं परत सोडणारा, टाकीतून काढून त्या कॅनमध्ये सोडायचे, कॅन केबिनमागच्या अवजारांच्या पेटीत बांधायचा आणि निघायचं. पण चांगलं डिझेल आणायचं कुठून? आलोइसचा ट्रॅक्टरही त्याच कारणाने सकाळपासून रुसलेला. पंप खाली दरीत, बर्फाच्या रस्त्याने जाऊन येण्यात तास मोडणार. डॉक्टरीणबाईने लोट्टेच्या फिकट पडलेल्या हिरड्या पाहिल्या आणि तेवढा वेळ नाही अशी मान हलवली. तरी हे गाडीची किल्ली घेऊन निघाले. मी सामानातलं दुधाचं पातेलं बाजूला ठेवलं आणि शेगडीवर पाणी तापत ठेवलं. निदान फिल्टर आणि पाइप तरी गरम पाण्याने मोकळे करून ठेवावेत म्हणून. पूर्वेकडे बघून मी मनात म्हटलं, यंदा दूध नाही. तू असलास तरी नाही, नसलास तरी नाही. मला वेळ नाही.

हे गाडीत बसत होते आणि धुक्यातून दोन पिवळे दिवे आले. पाठोपाठ एक भला मोठा पांढरा टँकर अंगणात शिरला. आलोइसच्या गायींचं दूध न्यायला येणारा टँकर. तो एरवी दुपारी यायचा. आज वरचा रस्ता बंद होता म्हणून ड्रायव्हरने पहाटेच फेरी उलटी सुरू केली होती आणि खालच्या गावांचं दूध घेऊन तो आला होता. लोकरीची टोपी घातलेला एक आडदांड माणूस उतरला, "मोर्गन" म्हणाला आणि आमचे चेहरे बघून थबकला. यांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जा, जा, गेनाऊ," म्हणजे हो हो, बरोबर, आणि टँकरच्या पोटाखालची पेटी उघडून डिझेलचा भरलेला कॅन आमच्यासमोर ठेवला. गायी काही थंडी बघून दूध द्यायच्या थांबत नाहीत, त्यामुळे असल्या दिवसांत तो कडक थंडीतही न थिजणारं डिझेल जवळ बाळगतोच, असं त्याने सांगितलं. कॅन सवडीने परत करा म्हणाला आणि दुधाची नळी ओढत गोठ्याकडे गेला.

मी वळून त्या टँकरकडे पाहिलं. रथसप्तमीच्या सकाळी, माझं वितभर पातेलं मी बाजूला सारलं होतं, आणि माझ्या समोर हजारो लिटर दूध येऊन उभं होतं. याचा अर्थ काय, हे मी तेव्हाही कुणाला बोलले नाही आणि आजही सांगू शकणार नाही. रस्ता बंद होता म्हणून टँकर लवकर आला, हे खरंच आहे. मी फक्त काय पाहिलं ते सांगते.

यांची बोटं थंडीने ऐकेनाशी झाली होती. मी जोडांवर गरम पाणी ओतायचे आणि ते गोठायच्या आत हे पाना फिरवायचे. तीस वर्षांच्या संसारात आमचं एवढं जुळलेलं काम दुसरं कुठलं आठवत नाही. इंजिन परत सुरू झालं. यांनी बराच वेळ ते तसंच चालू ठेवलं, कान लावून ऐकलं आणि मग मानेनेच खूण केली. लोट्टे थरथरत्या पायांनी फळीवरून आत चढली. सानिका केबिनमध्ये सीटवर उलटी बसली, तोंड मागच्या खिडकीला लावून.

रस्ता बर्फाचा, यंत्राने वरवर खरवडलेला, त्यामुळे खळगे आणि गोठलेल्या चाकोऱ्या. एकेका दणक्याला मागून लोट्टेचे पाय आपटत आणि तिचं कण्हणं ऐकू येई. प्रत्येक खळग्याला माझ्या तोंडून "देवा, सांभाळ" निघत होतं. सवय हो, दुसरं काय. हे स्टीअरिंगवर वाकून धुक्यात बघत होते. चढावर वेग कमी करता येत नव्हता, कारण त्या निसरड्या चढावर एकदा थांबलो की पुन्हा हलणं कठीण होतं. अशाच एका लांब चढावर मागचा आवाज थांबला. पाय आपटणं नाही, कण्हणं नाही. सानिकाने हाताने काच पुसली, पण वाफ घोडीच्या बाजूने धरलेली, काही दिसेना. "पापा, आनहाल्टेन! बिट्टे!" ती थांबा म्हणून ओरडत होती. यांचे डोळे भरले होते, पण पाय पेडलवरून उचलला नाही. "बाळा, इथे थांबलो तर आपण कुठेच पोहोचणार नाही," असं ते मराठीत म्हणाले.

आणि चढ संपता संपता आम्ही धुक्याच्या वर आलो.

समोर तीन सूर्य होते. मधला आपला नेहमीचा, आणि त्याच्या डावी-उजवीकडे त्याच उंचीवर आणखी दोन, कडांना तांबूस-निळी झाक असलेले. तिघांना जोडणारं एक भलंमोठं तेजाचं कडं आभाळभर पसरलं होतं. हवेत बारीक चमचमणारी धूळ तरंगत होती आणि खाली दरी धुक्याने शिगोशीग भरलेली. कित्येक आठवडे ज्याचा कवडसासुद्धा मिळाला नव्हता, तो असा, एवढा, समोर. यांनी हळू आवाजात सांगायला सुरुवात केली की हवेत बर्फाचे कण असतात, त्यातून किरण वळतात, कडक थंडीतच असं दिसतं. मग ते बोलता बोलता थांबले आणि त्यांनी एक हात स्टीअरिंगवरून काढून कपाळाला लावला. देवळात गेल्यावर चपला सांभाळायला बाहेर उभा राहणारा हा माणूस. सानिकाही मागची खिडकी सोडून पुढे बघत होती, गालांवर पाणी तसंच.

मी त्या तेजाकडे डोळे दिपेपर्यंत पाहिलं. मला भीती वाटली. एवढ्या वर्षांत मी ज्याला तांब्याभर पाणी देऊन हिशोब पुरा झाला असं समजत होते, तो एवढा मोठा आहे याची भीती. मला लोट्टे वाचव म्हणायचं होतं, पण शब्दच येईनात. मागे ती जिवंत आहे की नाही ते ठाऊक नव्हतं, मुलीने मला माफ केलं असेल की नाही तेही ठाऊक नव्हतं, आणि तरी आतून सगळं शांत झालं. मी एवढंच म्हटलं, तुझं तू बघ. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे काही न मागता मी हात जोडले.

क्लिनिकच्या अंगणात माणसं तयारच उभी होती. यांनी इंजिन चालूच ठेवलं आणि धावत मागे गेले. फळी खाली उतरली तशी आतून वाफेचा लोट बाहेर आला. सानिकाने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे काळं-निळं झालं होतं. वाफ विरली. लोट्टे उभी होती. चारी पायांवर, कान पुढे, आणि जाळीतलं गवत ओढायचा प्रयत्न करत होती. तिच्या मागे, ट्रकच्या तळावर, लिदेचा एक मोठा ढीग होता आणि त्याच्यातून अजून वाफा निघत होत्या.

तिथला तरुण डॉक्टर आत गेला, पोटाला स्टेथोस्कोप लावून दोन्हीकडून बराच वेळ ऐकत राहिला आणि हसत बाहेर आला. "आल्झो, ऑपरेशन तुमच्या ट्रकनेच केलं की!" म्हणाला, खाचखळग्यांच्या रस्त्यावर कधी कधी असं होतं, दणक्यांनी अडलेलं पोट सुटतं, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही, बहुतेकदा होत नाही. एक दिवस आम्ही नजर ठेवू, आता धोका नाही. सानिका होती तिथेच फळीवर मटकन बसली. मी शेजारी बसले तर तिने डोकं माझ्या खांद्यावर टाकलं. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. हे इंजिन बंद करून आले, ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगं, प्रसाद बघितलास?" सकाळपासून पहिल्यांदा ते माझी थट्टा करत होते. मी हसले आणि मग हमसून हमसून रडले.

नंतर कितीतरी दिवस मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. मी काय मागितलं होतं? गुळगुळीत रस्ता, लवकर पोहोचणं, मोठा डॉक्टर. आणि ज्या प्रत्येक खळग्याला मी "देवा, सांभाळ" म्हणत होते, तो खळगाच तिला बरं करत होता. मागचा आवाज बंद झाला आणि आम्हाला वाटलं सगळं संपलं, तेव्हाच बहुधा तिची वेदना संपली होती. काच वाफेने धरली होती म्हणून आम्हाला दिसलं नाही, एवढंच. आईचीही आठवण आली. मी तिच्याजवळ नव्हते, मला काही दिसलं नाही, म्हणून तिथे कुणीच नव्हतं असं मी धरून बसले होते. आता तसं धरून बसत नाही. मागायचं तेव्हा मागते, माणूस आहे मी, पण ते कसं द्यायचं हे त्याला शिकवायला जात नाही.

लोट्टेला आत नेल्यावर क्लिनिकमधल्या एका बाईने फावडं आणून भिंतीला टेकवलं आणि ट्रक कोण झाडणार म्हणून विचारलं. हे पुढे झाले, सानिका पुढे झाली. मी दोघांनाही थांबवलं, साडीवरच्या जाड कोटाच्या बाह्या वर केल्या आणि फावडं घेऊन आत शिरले. तोवर मी कधी तबेल्यात नाकाला रुमाल न लावता पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी गुडघे टेकून कोपरा न् कोपरा साफ केला, शेवटी हातानेच. इतक्या मनापासून मी माझं देवघरही कधी पुसलेलं नाही.